लेडी हार्बर्टन आणि सायकलीचा पोशाख

सरे परगण्यातील रिप्ली रोड हा व्हिक्टोरियाकालीन लंडनच्या सायकलस्वारांचा आवडता रस्ता होता. सुट्टीच्या दिवशी शहराच्या नैर्ऋत्येकडून निघून रिप्ली गावाकडे सायकलींची रीघ लागे आणि वाटेवरच्या हॉटेलांचा व सरायांचा धंदा या पाहुण्यांवर चांगला चाले. याच रस्त्यापासून जवळ ओकम नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील होबॉय हॉटेलाच्या दाराशी २७ ऑक्टोबर १८९८ रोजी पंचावन्नच्या घरातील एक बाई सायकलीवरून उतरल्या आणि त्यांनी दुपारचे जेवण मागितले. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना जेवणाच्या दालनात प्रवेश नाकारला. बाईंच्या अंगावर स्कर्ट नव्हता. सायकल चालवण्यासाठी शिवलेली, गुडघ्याखाली बांधलेली सैल विजार होती, एवढेच कारण.

प्रवेश नाकारलेल्या त्या बाई म्हणजे व्हायकाउंटेस फ्लॉरेन्स हार्बर्टन. पाच महिन्यांनी हे प्रकरण न्यायालयात गेले, वृत्तपत्रांत गाजले आणि निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. सायकलीच्या इतिहासात त्यांचे नाव आज या एका दिवसामुळे घेतले जाते. मात्र त्या दाराशी पोहोचण्यापूर्वी स्त्रियांच्या कपड्यांचा प्रश्न त्यांनी सतरा वर्षे चिकाटीने लढवला होता, आणि त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. घरातून सायकलीने निघून त्याच कपड्यांत कचेरीत, बैठकीत किंवा भोजनगृहात बसता यावे अशी अपेक्षा आज आपण सहज बाळगतो. ही अपेक्षा एके काळी किती मोठी मागणी होती, हे लेडी हार्बर्टन यांच्या आयुष्यावरून कळते.

फ्लॉरेन्स वॉलेस लेग यांचा जन्म १८४३ च्या सुमारास एका सधन घराण्यात झाला. त्यांचे वडील विल्यम वॉलेस लेग हे बेलफास्टजवळच्या मलोन येथील जमीनदार. त्यांनी १८२०च्या दशकात बांधवून घेतलेले मलोन हाउस हे टेकडीवरचे देखणे निवासस्थान आजही उभे असून त्याभोवतीची वनराई सार्वजनिक उद्यान झाली आहे. १८६१ मध्ये फ्लॉरेन्स यांचा विवाह जेम्स स्पेन्सर पॉमरॉय यांच्याशी झाला. पुढच्याच वर्षी पॉमरॉय यांच्याकडे हार्बर्टन घराण्याची व्हायकाउंट ही पदवी आली आणि विशीच्या उंबरठ्यावरील फ्लॉरेन्स लेडी हार्बर्टन झाल्या. पुढे मलोनची मालमत्ताही या दांपत्याकडे आली. पैसा, पदवी आणि लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात स्थान, हे सारे त्यांना तरुणपणीच लाभले होते. अशा घरातील स्त्रीने मेजवान्या द्याव्यात, भेटीगाठी घ्याव्यात आणि हंगामाच्या चालीप्रमाणे पोशाख करावा, एवढीच समाजाची अपेक्षा असे.

तो पोशाख म्हणजे काय होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्यांच्या बंडाचा अर्थ लागत नाही. कमरेभोवती हाडांच्या किंवा पोलादी पट्ट्यांचे कॉर्सेट दोऱ्यांनी आवळून बांधले जाई. त्यामुळे श्वास वरच्या वर राही आणि फासळ्यांवर व पोटातील अवयवांवर दाब येई. कॉर्सेटखालून एकावर एक परकर, त्यांवर जमिनीला टेकणारा घेरदार स्कर्ट, आणि या साऱ्याचा भार नाड्यांनी कमरेवर लटकलेला. १८५०च्या व ६०च्या दशकांत क्रिनोलिनचे पिंजरे आले, त्यानंतर पाठीमागे उंचवटा आणणारे बसल आले, आणि १८८०च्या सुमारास स्कर्ट गुडघ्यांपाशी इतके अरुंद झाले की मोठे पाऊल टाकणे कठीण व्हावे. पावसाळी रस्त्यावरून चालताना खालची किनार चिखल गोळा करी. शेगडीजवळ घेरदार कपड्याला आग लागून स्त्रिया भाजल्याच्या बातम्या त्या काळात वारंवार येत.

या पोशाखावर टीका करणाऱ्या लेडी हार्बर्टन पहिल्या नव्हेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे १८५१ साली काही स्त्रियांनी गुडघ्याच्या जरा खाली येणारा झगा आणि त्याखाली घोट्यापाशी बांधलेली सैल विजार असा वेश स्वीकारला होता. अमेलिया ब्लूमर यांनी 'द लिली' या आपल्या नियतकालिकातून त्याचा पुरस्कार केला, म्हणून त्याला त्यांचेच नाव चिकटले. तो वेश घालणाऱ्यांची रस्त्यात इतकी टवाळी झाली की बहुतेकींनी काही वर्षांतच तो सोडला. तीस वर्षांनी लंडनमध्ये हाच प्रश्न हाती घेणाऱ्यांसमोर हा अनुभव होता. पोशाख कितीही सोयीचा असला तरी तो घालून चारचौघांत वावरणे अशक्य झाले तर त्याचा उपयोग नाही, हा त्यातला धडा.

१८८१ मध्ये लंडनला रॅशनल ड्रेस सोसायटीची स्थापना झाली. 'विवेकी पोशाख मंडळ' असे तिचे मराठीत नाव करता येईल. लेडी हार्बर्टन तिच्या अध्यक्ष आणि ई. एम. किंग या बाई चिटणीस होत्या. मंडळाचा कार्यक्रम आश्चर्य वाटावे इतका मोजूनमापून ठरवलेला होता. आरोग्य, सोय आणि सौंदर्य या तीन गोष्टींवर पोशाख बेतावा, तोही प्रत्येकीने आपापल्या आवडीने व गरजेने. दर हंगामाला बदलणाऱ्या चालीमागे धावू नये. आवळलेली कॉर्सेट, उंच टाचांचे व चिंचोळे बूट, वजनदार स्कर्ट, हात जखडून टाकणारे अंगरखे आणि क्रिनोलिनचे सर्व प्रकार यांना विरोध करावा, असे त्याचे स्वरूप होते. आतल्या कपड्यांचे एकूण वजन, बूट वगळून, सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा, जास्त असू नये असा दंडकही मंडळाने घातला. सात पौंड ही कमाल मर्यादा सुधारकांना पुरेशी हलकी वाटत होती. त्यावरून इतर स्त्रिया अंगावर किती ओझे वागवत असतील याची कल्पना यावी.

या तीन निकषांत सौंदर्याचा समावेश होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. टीकाकारांनी या चळवळीचे चित्र नेहमीच बेढब, पुरुषी आणि रुक्ष असे रंगवले. लेडी हार्बर्टन यांना मात्र देखणेपणाचा त्याग मुळीच मान्य नव्हता. १८८२ साली 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये त्यांनी पोशाखसुधारणेवर लेख लिहून आपली भूमिका सुशिक्षित वाचकांपुढे मांडली. मानवी शरीराचा मूळ आकार झाकून किंवा पिळवटून कृत्रिम आकार निर्माण करणे यालाच सौंदर्य म्हणण्याची सवय लागली आहे आणि ती सवय मोडली पाहिजे, असा त्यांचा रोख होता.

त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला दुभागी स्कर्ट याच विचारातून आला. वरकरणी तो नेहमीच्या स्कर्टासारखा दिसे, पण आतून दोन पायांसाठी दोन वेगळे भाग असत आणि खाली लावलेल्या झालरींमुळे ही विभागणी सहज लक्षात येत नसे. मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की वस्त्र दोन पायांत विभागले जाते, आणि त्या वेशात शेतात राबणे, घाट चढणे, घोड्यावर बसणे आपल्याकडील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. इंग्लंडमध्ये मात्र स्त्रीला दोन पाय आहेत हे कपड्यातून सूचित होणे हेच असभ्य समजले जाई. म्हणून लेडी हार्बर्टन यांना ती विभागणी झालरीमागे लपवावी लागली.

या तडजोडीवर आक्षेप आला तो सहानुभूती बाळगणाऱ्यांकडूनच. ऑस्कर वाइल्ड यांनी १८८४ मध्ये स्त्रियांच्या पोशाखावर लिहिताना दुभागी स्कर्टाचे तत्त्व मान्य केले, पण तो साध्या स्कर्टासारखा दिसावा हा अट्टहास सोडला पाहिजे असे बजावले. लपवाछपवीसाठी लावलेल्या झालरींनी वजन व अडचण वाढते, मग सुधारणेचा लाभ काय, असा त्यांचा मुद्दा. वाइल्ड यांच्या पत्नी कॉन्स्टन्स या तर पुढे चळवळीत सक्रिय झाल्या आणि १८८८-८९ मध्ये मंडळाच्या मुखपत्राचे संपादन त्यांनी केले. मंडळात मतभेदही झाले. श्रीमती किंग बाहेर पडल्या आणि त्यांच्या वेगळ्या संघटनेने १८८३ मध्ये पिकॅडिलीतील प्रिन्सेस हॉलमध्ये सुधारित पोशाखांचे प्रदर्शन भरवले. किती सुधारणा उघडपणे करायची आणि किती आडून, हा वाद चळवळीत अखेरपर्यंत राहिला.

तोपर्यंत ही सारी चर्चा काही मोजक्या घरांपुरती होती. तिला रस्त्यावर आणले सायकलीने. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर ही सेफ्टी सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी आणि बसण्याची जागा बेताच्या उंचीवर, अशी ही आजच्या सायकलीची थेट पूर्वज. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने बेलफास्टमध्ये, म्हणजे लेडी हार्बर्टन यांच्या माहेरच्याच परिसरात, हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढील काही वर्षांत सायकल चालवणे सुखावह झाले आणि १८९५-९६ च्या सुमारास तर लंडनच्या उच्चभ्रू समाजात तिचे वेडच पसरले. हाइड पार्कमध्ये सुरुवातीला सायकलींना मज्जाव होता, म्हणून सरदार घराण्यांतील स्त्री-पुरुष बॅटरसी पार्कमध्ये सकाळी फेऱ्या मारू लागले.

या यंत्राने पोशाखाचा प्रश्न टाळणे अशक्य करून सोडले. खुर्चीत बसलेल्या स्त्रीला लांब स्कर्ट जाचक वाटला तरी चालून जाई; सायकलीवर तो जिवावर बेतू शकत असे. कापड साखळीत अडके, आऱ्यांत गुंडाळले जाई, पॅडलखाली सापडे. समोरून वारा आला की स्कर्टाचे शीड होई, आणि भिजल्यावर त्याचे वजन दुप्पट वाटे. आवळलेल्या कॉर्सेटमध्ये चढ चढताना दम पुरत नसे. यावर निरनिराळे उपाय निघाले. सायकल तयार करणाऱ्यांनी आडवी दांडी काढून चौकट खाली वाकवली, साखळीवर पेटी बसवली, मागच्या चाकावर दोऱ्यांचे जाळे ताणले. शिंप्यांनी स्कर्टाच्या किनारीत शिशाचे तुकडे शिवले आणि पायाला अडकवण्यासाठी आत लवचीक फिती लावल्या.

काही उपाय अधिक कल्पक होते. ब्रिक्स्टनच्या ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८९५ मध्ये अशा स्कर्टाचे पेटंट घेतले, की ज्याच्या शिवणीत दडवलेल्या दोऱ्या ओढल्या की पुढचा व मागचा घेर वर उचलला जाई, आणि सैल सोडल्या की पुन्हा खाली पडे. सायकलीवर असताना आखूड स्कर्ट, उतरल्यावर पूर्ण लांबीचा. लोकरी कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येगर कंपनीने तो विकला. या युक्तीत त्या काळच्या स्त्रीची अडचण नेमकी दिसते. सायकल चालवण्याला योग्य असा कपडा घालून उतरताच तिला तो लपवावा लागे. अडचण रस्त्यावरची जेवढी होती, त्याहून मोठी पोहोचल्यानंतरची होती.

ज्यांनी लपवायचे नाकारले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. सप्टेंबर १८९३ मध्ये ब्रायटनच्या टेसी रेनॉल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीने पुरुषी सायकलीवरून ब्रायटन ते लंडन आणि परत असा प्रवास सुमारे साडेआठ तासांत केला. तिच्या वेगापेक्षा तिच्या निकरबॉकर्सची, म्हणजे गुडघ्याखाली बांधलेल्या विजारीची, चर्चा अधिक झाली. काही सायकल-पत्रांनी हा स्त्रीत्वाला लागलेला कलंक ठरवला, तर काहींनी तिला नव्या युगाची अग्रदूत म्हटले. सामान्य स्त्रियांना याहून रोखठोक प्रतिक्रिया मिळत. गल्लीतली पोरे आरडाओरडा करत, कोणी चिखल किंवा दगड भिरकावी, आणि हॉटेलवाले तोंडावर दार लावत. 'पंच' साप्ताहिकाची व्यंगचित्रे या स्त्रियांवर पोसली गेली.

स्वतः सायकल चालवणाऱ्या लेडी हार्बर्टन यांनी याच काळात झालरीची तडजोड सोडली. लपवलेल्या दुभागी स्कर्टाऐवजी उघड निकरबॉकर्स आणि वर कोट, हा त्यांचा सायकलीचा वेश झाला. १८९८ मध्ये रॅशनल ड्रेस लीग ही नवी संघटना उभी राहिली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आधीच्या मंडळात आरोग्यावर भर होता. लीगचा केंद्रबिंदू सायकल हा होता. एकटीदुकटीने असा वेश करून बाहेर पडण्याचे धैर्य बहुतेकींना होत नसे. म्हणून समूहाने फेऱ्या काढणे, एकमेकींना धीर देणे आणि कोणती हॉटेले अशा स्त्रियांना सन्मानाने वागवतात याची माहिती ठेवणे, यांवर चळवळीचा भर राहिला.

या पार्श्वभूमीवर होबॉय हॉटेलचा प्रसंग घडला. लंडनच्या क्रॉमवेल रोडवर राहणाऱ्या लेडी हार्बर्टन त्या दिवशी सायकलीने ओकमला पोहोचल्या. त्यांनी कॉफी रूममध्ये, म्हणजे त्या काळच्या हॉटेलातील मुख्य भोजनदालनात, जेवण मागितले. मालकीण मार्था स्प्रेग यांनी या वेशातील स्त्रीला तेथे बसवता येणार नाही असे सांगून त्यांना दारू विकल्या जाणाऱ्या भागातील बार पार्लर ही खोली देऊ केली. तेथे काही पुरुष धूम्रपान व मद्यपान करत बसले होते. ती जागा एकट्या स्त्रीला बसण्याजोगी नाही असे ठरवून लेडी हार्बर्टन जेवण न घेता निघाल्या.

इथे हे प्रकरण संपू शकले असते. पण सायक्लिस्ट्‌स टूरिंग क्लब या संस्थेने ते हाती घेतले. १८७८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज सायकलिंग यूके या नावाने ओळखली जाते. कायद्याचा आधार जुना आणि भक्कम होता. इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणे सराई चालवणाऱ्याने पैसे देण्यास तयार असलेल्या प्रवाशाला योग्य कारणाशिवाय अन्न व निवारा नाकारणे हा गुन्हा होता. मग स्त्रीचा पोशाख हे योग्य कारण ठरते काय? हा प्रश्न न्यायालयापुढे स्पष्टपणे मांडला जावा आणि देशभरच्या हॉटेलांना त्याचे उत्तर मिळावे, ही क्लबची व लीगची अपेक्षा होती.

५ एप्रिल १८९९ रोजी किंग्स्टन-अपॉन-थेम्स येथे सरे परगण्याच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालला. प्रतिपक्षाने मोठ्या चातुर्याने पोशाखाचा प्रश्न बाजूला ठेवला. आम्ही बाईंना जेवण नाकारलेच नाही, फक्त वेगळी खोली दिली, असा त्यांचा बचाव होता. बार पार्लर नीटनेटकी व स्वच्छ आहे हे दाखवण्यासाठी तिचे छायाचित्र सादर करण्यात आले. त्यामुळे ज्यूरीपुढे प्रश्न उरला तो एवढाच, की देऊ केलेली खोली जेवणासाठी योग्य होती की नव्हती. ज्यूरीने ती योग्य होती असे मानले आणि मार्था स्प्रेग निर्दोष सुटल्या.

या निकालाचा विचार करताना दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली ही, की न्यायालयाने स्त्रीच्या विजारीविरुद्ध निर्णय दिला असे अनेकदा लिहिले जाते ते खरे नाही. न्यायालयाने विजारीबद्दल काहीच म्हटले नाही, आणि चळवळीची हार नेमकी तीच होती. कायद्याने स्त्रीला हा वेश करण्यास बंदी केली नाही, पण तो वेश केल्यास तिला मागच्या खोलीत बसवण्याची मुभा हॉटेलवाल्यांना राहिली. दुसरी गोष्ट लेडी हार्बर्टन यांच्या स्वतःच्या मर्यादेची. बार पार्लरमधील कामकरी पुरुषांच्या शेजारी बसणे त्यांना अपमानास्पद वाटले, यात त्यांच्या वर्गाचा दिमाख होताच. कॉफी रूमवरचा हक्क त्या काळी मुळात उच्च व मध्यम वर्गाचा. कारकुनी करणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलीला होबॉयमधून परत पाठवले असते तर तिच्यासाठी खटला उभा राहण्याची शक्यता फार कमी होती. तरीही, पदवीधारी स्त्रीलाही कपड्यांवरून दार बंद होते हे या खटल्याने सर्वांसमोर आणले. पदवी नसलेल्यांचे काय होत असेल हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

खटल्यानंतर चळवळ ओसरत गेली. सायकल स्वस्त झाली तशी उच्चभ्रूंची तिच्यातली हौस संपली. वाकवलेल्या चौकटीमुळे आणि जरा आखूड झालेल्या स्कर्टांमुळे बहुतेक स्त्रियांनी स्कर्ट न सोडता सायकल चालवण्याचा मध्यम मार्ग पत्करला. नव्या शतकाच्या आरंभी लीगचे कार्य थंडावले.

लेडी हार्बर्टन यांनी मात्र आपले लक्ष अधिक मूलभूत प्रश्नाकडे वळवले. स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार त्या १८८०च्या दशकापासूनच करत होत्या. आता त्या एमेलीन पँकहर्स्ट यांच्या विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन या लढाऊ संघटनेत सामील झाल्या. २० मार्च १९०७ रोजी वेस्टमिन्स्टरच्या कॅक्स्टन हॉलमधून पार्लमेंटकडे निघालेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. पोलिसांनी तो मोर्चा रोखला आणि अनेक स्त्रियांना अटक झाली. हॉटेलचे दार आणि पार्लमेंटचे दार या त्यांच्या दृष्टीने निराळ्या लढाया नसाव्यात. दोन्हीकडे तुमची सोय दुसरीकडे केली आहे, असेच उत्तर स्त्रियांना मिळत होते.

१९११ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या विमेन्स लँड आर्मीच्या मुली गुडघ्याखाली बांधलेल्या विजारी घालून शेतांवर काम करू लागल्या होत्या. ज्या वेशासाठी एका व्हायकाउंटेसला भोजनदालनाबाहेर राहावे लागले, तोच आता सरकारने गणवेश म्हणून दिला. देशाला त्या हातांची गरज पडली, तेव्हा सभ्यतेचा आक्षेप फार काळ टिकला नाही.

सव्वाशे वर्षांनंतर लंडन, ॲमस्टरडॅम किंवा कोपनहेगनमध्ये रोज सायकलीने कामावर जाणाऱ्यांना रॅशनल ड्रेस सोसायटीचे निकष वाचताना ओळखीचे वाटतील. कपड्याचा भार कमरेवर लटकू नये. गुडघा व खांदा मोकळा असावा. छातीला श्वास घ्यायला जागा असावी. साखळीत अडकेल असे काही लोंबू नये. ओल आणि गारवा दोन्ही सोसेल असे कापड असावे. लोकरीचा जो पुरस्कार तेव्हा होत होता, तोच आज मेरिनो लोकरीच्या पातळ सदऱ्यांच्या रूपाने परतला आहे, कारण ती घाम शोषूनही लवकर वास धरत नाही. ताणल्या जाणाऱ्या सुताच्या पण नेहमीच्या पँटसारख्या दिसणाऱ्या विजारी, पाठीशी थोडा लांब आणि खांद्याशी सैल कोट, बसल्यावर गुडघ्यावर न चढणारा घेरदार स्कर्ट, असे पर्याय आज सहज मिळतात.

तरी त्यांचा तिसरा निकष, सौंदर्याचा, आपण बऱ्याचदा विसरतो. शर्यतीसाठी बनवलेले चपळ, चकचकीत, अंगाला चिकटणारे कपडे लांबच्या रपेटीला योग्य असतात. चार-पाच मैलांवरच्या कचेरीत जाण्यासाठी तेच घालावे लागतात असे वाटले, की सायकल ही केवळ खेळाडूंची गोष्ट ठरते. मग पोहोचल्यावर वेश बदलण्याची जागा शोधावी लागते, आणि ती न मिळाल्यास अनेकजण, त्यातही अनेकजणी, सायकलच घरी ठेवतात. लेडी हार्बर्टन यांच्या आग्रहाचा आजचा अर्थ इतकाच, की ज्या कपड्यांत आपण सायकलीवर निर्धास्त बसू शकतो, त्याच कपड्यांत समोरच्या माणसासमोर संकोच न बाळगता बसता आले पाहिजे. निवड करताना आरशाइतकाच जिना, खुर्ची आणि चढाचा रस्ता विचारात घ्यावा.

ही निवड आज कोणाच्याही परवानगीवाचून करता येते. आपल्याकडून जेवणाच्या दालनात शिरताना पोशाखाचे स्पष्टीकरण कोणी मागत नाही. मात्र त्या निकालाच्या दिवशी एका साठीकडे झुकलेल्या स्त्रीला ऐन न्यायालयात, वार्ताहरांच्या समोर, आपल्या विजारीची लांबी आणि कोटाचा आकार यांविषयी बोलणे ऐकून घ्यावे लागले होते. तेवढे करूनही त्या हरल्या, आणि तरीही पुढची बारा वर्षे त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.